ओळख बघू, कोण मी?

2019 च्या मे महिन्यात ह्यांना ताप आला तेव्हा घरातल्या प्रत्येकानं एकच निदान केलं: लू लागली. इंदूरचा मे, आणि दिवसभर दवा बाजारात मालाच्या पेट्या उतरवून घेणारा माणूस, त्यात नवल ते काय. सासूबाईंनी कैरीचं पन्हं केलं, तळव्यांना कांदा चोळला. ताप हटेना म्हणून जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी टायफॉइड समजून गोळ्या दिल्या. हे डोकं गच्च धरून बसायचे, पण तापात डोकं दुखतंच.

वेगळं काय होतं ते आता सांगता येतं. एका संध्याकाळी म्हणाले, "फोडणी करपली बघ." मी पोळ्या लाटत होते, फोडणीचा पत्ताच नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा तोच वास त्यांना आला. दुसऱ्या दिवशी मुलीला आत्याच्या नावानं हाका मारायला लागले आणि चहाच्या कपाला "पावती" म्हणाले. "पावती गार झाली," असं अगदी शांतपणे. त्या रात्री फिटचा झटका आला.

म्हणून जो भेटेल त्याला सांगते. ताप आणि डोकेदुखी घरोघरी असते. पण त्याच्या जोडीला माणूस भलतंच बोलायला लागला, ओळखीच्या वस्तूंची नावं चुकायला लागला, झटका आला, तर गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. जिथे न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय आहे तिथे थेट न्या.

हॉस्पिटलात एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं. त्या पाण्याचा पीसीआरचा रिपोर्ट यायचा होता, पण डॉक्टरांनी त्याची वाट न बघता त्याच रात्री ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं. म्हणाले, ह्या आजारात तास मोजायचे असतात. रिपोर्टमध्ये तेच निघालं: हर्पीस सिम्प्लेक्सचा एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज. ताप उतरताना ओठाच्या कडेला फोड येतात ना, तोच विषाणू. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात तो लहानपणापासून गप्प पडलेला असतो. दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांच्या मेंदूत शिरतो. का, आणि त्याच दोन-चार जणांच्या का, ह्याला कोणाकडे पुरतं उत्तर नाही. शिरला की कानशिलांच्या आतला भाग, टेंपोरल लोब, धरतो. नव्या आठवणी पक्क्या करणारा हिपोकॅम्पस तिथेच असतो. वासाचा भास, शब्दांचा घोळ, सगळं त्या एकाच जागेचं.

औषध नसेल तर शंभरातले सत्तर दगावतात. ॲसायक्लोव्हिर निघालं गर्ट्रूड एलियन ह्या बाईंच्या प्रयोगशाळेतून, आणि 1988 चं नोबेल ज्यांना वाटून मिळालं त्यांत त्या होत्या. हे मला कसं माहीत, तर त्या तीन आठवड्यांत मी आयसीयूबाहेर बसून फोनवर दुसरं काही वाचलंच नाही. दर आठ तासांनी शिरेतून औषध, सोबत बाटलीमागून बाटली सलाईन, कारण ते मूत्रपिंडात साचू शकतं. ही औषधाची गोष्ट ह्यांनी मला एरवी स्वतःच सांगितली असती. त्यांचा धंदाच तो.

जूनमध्ये बिहारातल्या मुझफ्फरपूरला मेंदूच्या तापानं, तिकडच्या भाषेत चमकी तापानं, दगावणाऱ्या मुलांच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि आमच्या राजेंद्र नगरच्या शेजारणी विचारायला लागल्या, "चमकी ताप का हो?" नाही, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. त्या बातम्यांत लिचीचं नाव यायचं, म्हणून लिची खाल्ली का, असंही एकीनं विचारलं. त्याचाही नाही.

ताप गेला. माणूस उठून बसला, बोलायला लागला, मला ओळखलं, आईला ओळखलं. हॉस्पिटलात आम्ही पेढे वाटले. घरी आल्यावर दोन दिवसांत कळलं की पुढचं सगळं बाकीच आहे.

हे जेवायचे आणि ताट उचलायच्या आत विचारायचे, "जेवायला काय आहे?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की जणू सकाळपासून पहिल्यांदाच दिसले असं बघायचे. बोलणं मात्र चोख. फोन नंबर सांगितला तर जिभेवर घोळवत घोळवत लावतीलसुद्धा, मधे कुकरची शिट्टी झाली की संपलं. त्यामुळे पाचेक मिनिटांसाठी भेटायला आलेल्याला काही पत्ताच लागत नाही. "वहिनी, हे तर एकदम फर्स्ट क्लास आहेत," म्हणून जातात लोक.

नवं काही टिकत नाही, आणि मागचंही साधारण 2010 च्या पुढचं पुसलं गेलंय. त्याच्या आधीचं शाबूत, जितकं जुनं तितकं जास्त शाबूत. म्हणजे ह्यांच्या हिशोबात आम्ही अजून रामबागेतल्या वाड्यात राहतो, मुलगी सहावीत आहे, हजाराची नोट चालते आणि बिलावर व्हॅट लागतो. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की रोज दाराशी जाऊन बघतात, कोणाची वरात. एबी रोडवर बीआरटीएसचे, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचे, कठडे बघून चिडायचे, "हा रस्ता कोणी अडवलाय?" त्या मार्गावर बस सुरू झाली 2013 ला, ह्यांना कुठून ठाऊक असणार. 2025 मध्ये हायकोर्टानं ती मार्गिका काढायला सांगितली, तेव्हा दीर म्हणाले, बघा, दादाच बरोबर निघाला.

आणि औषधं! औषधं सगळी पाठ. ह्यांच्या झटक्यांच्या गोळ्या हातावर ठेवल्या की पाकीट उलटं करून बघतात. "लेव्हेटिरासिटॅम. फिट्सची. कोणाला येतात आपल्यात?" एकदा मुलीनं सहज विचारलं, बाबा, ॲसायक्लोव्हिर कशाला देतात? लगेच उत्तर: "नागीण. आठशेची गोळी, दिवसातून पाच वेळा." तेच औषध शिरेतून घेऊन आपण वाचलो, हे मात्र त्यांच्या गावीही नाही.

नसलेल्या आठवणींच्या जागी मेंदू काहीतरी घालून ठेवतो. "आज सकाळी दुकानात जाऊन आलो, सियागंजची पार्टी आली होती, पैसे देऊन गेली." पार्टीचं नाव, रक्कम, सगळं सांगतील. हे खोटं बोलणं नाही. सांगणाऱ्याला ते खरंच घडल्यासारखं दिसतं. पण दिराला पहिल्या महिन्यात त्या पैशांपायी दुकानाचा सगळा गल्ला दोनदा मोजावा लागला.

ह्या सगळ्यात जो त्रास झाला तो आजाराचा कमी आणि पाहुण्यांचा जास्त. आमच्या लोकांना आजारी माणसाची परीक्षा घ्यायची भारी हौस. दारातून आत येतानाच सुरू: "ओळख बघू, कोण मी?" "काल कोण आलं होतं सांग." "आज वार कोणता?" भावना चांगलीच असते. डोक्याला व्यायाम दिला की डोकं चालेल असं वाटतं. हे बिचारे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी ठोकून द्यायचे.

देवासहून ह्यांचे आतेभाऊ आले. अगदी सख्ख्या भावासारखे. खांद्याला मोठी पिशवी, घामानं निथळलेले. "ओळख बघू." ह्यांनी बघितलं, विचार केला आणि म्हणाले, "गॅसवाले ना तुम्ही?" सगळे खो खो हसले. हेही हसले. गंमत म्हणून आतेभावांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा हशा. पुढच्या खेपेला आतेभाऊ आले तर ह्यांनी दार उघडून म्हटलं, "सिलिंडर आत ठेवा." ज्या माणसाला सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही, त्याला हे मात्र पक्कं बसलं. आजतागायत बसलेलं आहे.

ह्याचं कारण आम्हाला समजलं ते एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडून. त्यांनी पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं: ह्यांना अंदाज करायला लावू नका. तुमची-माझी चूक झाली तर आपल्याला आठवतं की ही चूक होती, पुढच्या वेळी आपण सुधारतो. ह्यांना चूक झाल्याचं आठवणार नाही. पण तोंडातून एकदा निघालेलं उत्तर आत कुठेतरी वाट पाडतं, आणि पुढच्या वेळी तेच आधी तोंडात येतं. 1994 मध्ये बार्बरा विल्सन आणि ॲलन बॅडली ह्यांनी इंग्लंडमध्ये ह्यावर काम केलं. स्मृती गेलेल्या माणसाला शिकवायचं असेल तर चुकायला जागाच ठेवायची नाही, उत्तर आधी हातात द्यायचं, हा त्याचा सार. शाळेत आपण बरोबर उलटं शिकलो. आधी प्रयत्न कर, चुकलास तर सांगते.

"आत वाट पाडतं म्हणजे?" मी विचारलं. आठवण नाही तर वाट कुठली? तेव्हा त्यांनी जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, 1911 सालची. त्यांची एक रुग्ण बाई, तिला त्यांची ओळख रोज नव्यानं करून द्यावी लागायची. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. नंतर त्यांनी पुन्हा हात पुढे केला तर बाईनं आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. मला तो डॉक्टर काही फार आवडला नाही, पण मुद्दा कळला. आमचे हे हॉस्पिटलच्या फाटकातून आत जाताना आजही ताठ होतात. विचारलं तर म्हणतात, "मी इथे कधी आलोय?"

मग आम्ही घराची रीतच बदलली. दारात चपला काढता काढताच पाहुण्याला सांगायचं, आत गेल्यावर पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव आणि नातं सांगा. "मी अमक्याची बायको, तुमची मावसवहिनी, उज्जैनहून आले." बस. मग हे इतके मोकळेपणी बोलतात की विचारू नका. जुन्या गोष्टी काढतात, चेष्टा करतात. सायकॉलॉजिस्ट बाईंनी दुसरंही एक शिकवलं. नवी गोष्ट सांगायची, लगेच विचारायची, मग थोड्या वेळानं, मग जास्त वेळानं. चुकणार असं दिसलं की आपणच सांगून टाकायचं. चष्मा कुठे ठेवायचा, एवढं बसायला कित्येक आठवडे गेले. पण बसलं.

भिंतीवर पांढरा फळा आहे. त्यावर वार, तारीख आणि "तुम्ही आजारी होतात, आता बरे आहात. दुकान भाऊ बघतो." हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा गिरवलंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये खाली "बाहेर साथ आहे, म्हणून तोंडाला मास्क" एवढी भर पडली. खरं सांगू, त्या काळात आमच्याकडे फार शांतता होती. कोणी यायचं नाही, कोणी परीक्षा घ्यायचं नाही.

पोह्यांचा प्रश्न फळ्यानं सुटला नाही. सकाळी पोहे खायचे, वर शेव, जीरावण, इंदूरचा माणूस तो, आणि अर्ध्या तासानं पुन्हा पोहे मागायचे. "झाले तुमचे" म्हटलं की माझ्याकडे असं बघायचे, जणू मी उपाशी ठेवतेय. वजन वाढत चाललेलं. शेवटी मी त्यांची बशी घासायचीच बंद केली. हळदीचा पिवळा डाग, चिकटलेले दोन पोहे, कडेला शेव, अशी बशी दुपारपर्यंत त्यांच्यासमोर टेबलावर. आता मागायला तोंड उघडतात, बशी दिसते, "अच्छा, झाले वाटतं," आणि गप्प. माझ्या शब्दापेक्षा बशीवर विश्वास जास्त. असू दे.

सासऱ्यांचं मात्र कुठल्या फळ्यावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. अण्णा 2014 मध्ये गेले. ह्यांना ते माहीतच नाही. रोज विचारायचे, "अण्णा कुठेत?" पहिल्या वेळी खरं सांगितलं. मुलगा बापाच्या बातमीवर जसा रडेल तसे रडले. पाऊण तासानं पुन्हा, "अण्णा कुठेत?" त्यानंतर सासूबाईंनी मला नजरेनंच थांबवलं आणि स्वतः उत्तर दिलं, "रामबागेत गेलेत, येतील." पण हे काही वेडे नाहीत. आईच्या चेहऱ्याकडे बघायचे, मोकळ्या कपाळाकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. कोणी एक शब्द न सांगता त्यांचं त्यांना कळायचं, दिवसातून कितीतरी वेळा.

एके सकाळी सासूबाई देवघरातून बाहेर आल्या त्या कपाळाला टिकली लावून. माझ्याच पाकिटातली, मरून रंगाची. ऐंशीच्या घरातली बाई. "बघू नकोस अशी," म्हणाल्या मला, "त्याच्यासाठी आहे." समाजातल्या दोघी-तिघींनी कुजबूज केली. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. सासूबाईंना कळलं तर म्हणाल्या, "तिला सांग, माझ्या नवऱ्यानं तक्रार केली तर काढेन."

हळूहळू हे अण्णांचं विचारेनासे झाले. त्यांना कळलंय असं नाही. आपण विषय काढला तर म्हणतात, "अण्णा? असतील इथेच." पण स्वतःहून काढत नाहीत. घटना जाते, तिचं दुःख किंवा आनंद मागे राहतो, असं 2010 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी स्मृती गेलेल्या रुग्णांवर दाखवलं होतं. दुःखाचे प्रसंग दाखवले, ते रुग्ण विसरले, उदासी मात्र मागे राहिली. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हापासून मी ह्यांच्याशी भांडण झालं की ते विसरतील म्हणून तसंच सोडून देत नाही. चहा करते, दोन इकडचं-तिकडचं बोलते. ती जी काय वाट पडत असेल आत, ती बरी पडावी.

सुरुवातीला दोनदा हरवले. दोन्ही वेळा रामबागेत सापडले, आमच्या जुन्या वाड्याच्या जागी आता फ्लॅट झालेत त्याच्या जिन्यात बसलेले. तिथली जुनी माणसं ओळखीची म्हणून फोन आला. तेव्हापासून खिशात कार्ड, मुलीचा आणि माझा नंबर. मग मुलीनं त्यांना नवा रस्ता शिकवायचं मनावर घेतलं: घर ते डेअरी. रोज एकाच वेळी, एकाच बाजूनं, वळणावर पोचायच्या आधीच "आता डावीकडे". कधीही "आता कुठे वळायचं?" असं विचारलं नाही. काही महिन्यांनी ती दोन पावलं मागे राहायला लागली, मग चार, मग समोरच्या फुटपाथवरून. आता हे एकटे जाऊन दूध आणतात. डेअरी कुठे आहे म्हणून विचारा, सांगता येणार नाही. पाय मात्र बरोबर नेतात.

सरकारी दाखल्याचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही येतात. कागद सगळे होते. पण तपासणीला ह्यांनी डॉक्टरांशी इतक्या छान गप्पा मारल्या, कुठल्या कंपनीचं कुठलं औषध चांगलं इथपर्यंत, की समोरचा म्हणाला, "ह्यांना काय झालंय?" मी म्हटलं, तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाऊन परत या. तो गेला नाही. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, पुढची तारीख दिली. दाखला मिळाला शेवटी, पण त्या फेऱ्यांवर आणखी शाई घालवणार नाही.

गणपतीत एक गंमत कळली. दरवर्षी पूजेला हे बसायचे, आजारानंतर दीर बसू लागले. एका वर्षी दिरांना गावाला जावं लागलं, म्हणून धीर करून ह्यांना बसवलं. गुरुजी सांगत गेले: पळीभर पाणी सोडा, अक्षता वाहा, फूल वाहा, "मम" म्हणा. हे करत गेले. तासभर, एकही चूक नाही. आठवायचं काही नाहीच ना तिथे, सगळं कोणीतरी आधी सांगतं. पूजेनंतर हे ताजेतवाने, कपाळाला गंध, विचारतात, "आज काय आहे आपल्याकडे?"

त्याच भरवशावर आम्ही आता लग्नाची तयारी करतोय. मुलीचं लग्न ठरलंय. कन्यादानाला हेच बसणार, ह्यावर माझं आणि दिराचं एकदा वाजलं, पण बसणार. पत्रिकेबरोबर एक छोटी चिठ्ठी छापून घेतली आहे: "वधूपित्यास भेटताना कृपया आपले नाव व नाते आधी सांगावे." दिराला ते बरं दिसत नाही. आतेभाऊ म्हणाले, माझ्या चिठ्ठीची काळजी करू नका, मी केटररच्या सिलिंडरांजवळच उभा राहतो.

ह्यांना रोज सकाळी लग्नाची बातमी नवी असते. "आपलीचं? अगं, सहावीत आहे ती." मग मुलगी समोर येऊन उभी राहते, हे तिला नखशिखांत बघतात आणि खूश होतात. त्यानंतर ठरलेले प्रश्न, त्याच क्रमानं: मुलगा करतो काय, घरचे कसे आहेत, आणि आवाज खाली आणून, "व्यसन-बिसन नाही ना?" पहिले काही दिवस मी उत्तरं देत होते. आता होणारा जावई आला की दारातूनच सांगतो, "नमस्कार बाबा, मी तुमचा होणारा जावई, सिव्हिल इंजिनिअर आहे, आईवडील धारला असतात, व्यसन नाही."